साहेबांसाठी राखलेली जागा

भुताबद्दल लिहा, असं मला सांगण्यात आलं. कबरस्तानात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला एखादं तरी भूत भेटलंच असेल, दिवाळीत लोकांना वाचायला बरं वाटेल, असं अंक काढणाऱ्या पोरांचं म्हणणं पडलं. मी त्यांना सांगितलं, भूत मी पाहिलं नाही. अस्वल पाहिलं. साप पाहिले. तरसाने उकरलेली माती पाहिली. कबरीच्या काठावर उभे राहून शेताच्या धुऱ्यावरून भांडणारे सख्खे भाऊ पाहिले. मेलेला माणूस सगळ्यात गरीब, त्याचा काही त्रास नाही. त्रास सगळा जिवंतांचा. तेव्हा मी जे लिहीन ते जिवंतांचंच लिहीन, आणि माझ्या भाषेत लिहीन. मी चौथीपर्यंत शिकलो आहे. तेवढ्यात माझं भागलं.

आमचं गाव मूल शहराच्या पलीकडे, धानाच्या पट्ट्यात. गावात आमचं लहानसं चर्च आहे. माझं काम म्हणजे चर्च झाडायचं, बाकं पुसायची, रविवारी घंटा वाजवायची आणि मंडळीतलं कोणी गेलं की कबर खोदायची. मंडळी म्हणजे आमच्या चर्चची सगळी घरं मिळून जी होते ती. तिचा धर्मगुरू म्हणजे पाळक. आम्ही त्यांना पाळकसाहेब म्हणतो, किंवा नुसतं साहेब. सरकारी कचेरीतला साहेब वेगळा, हा वेगळा. त्या साहेबाला पाहून लोक उठून उभे राहतात, या साहेबाला पाहून बसायला सतरंजी टाकतात.

कबर खोदणं म्हणजे खड्डा करणं नाही, हे आधी सांगून ठेवतो. खड्डा कोणीही करते. डोकं मावळतीकडे, पाय उगवतीकडे, म्हणजे शेवटच्या दिवशी माणूस उठला की त्याचं तोंड उजेडाकडे झालं पाहिजे. खोली खोदणाऱ्याच्या छातीइतकी. त्याहून कमी केली की तरस येते, आणि तरस कोणाचा मान ठेवत नाही. म्हणून वरून दगड आणि बोरीच्या काट्या. आमच्या कबरस्तानाची वरची बाजू मुरमाड आहे, तिथं टिकास, म्हणजे टिकाव, मारलं की हाताला झिणझिण्या येतात, पण कबर कोरडी राहते. खालची बाजू कन्हार, म्हणजे काळी चिकट माती. उन्हाळ्यात ती लोण्यासारखी कापली जाते, पण रोवणीला, म्हणजे धान लावायच्या दिवसांत, शेजारच्या बांध्या, धानाची खाचरं, पाण्याने भरली की तिथं खड्डा खोदेपर्यंत पाणी वर येते. फार जुन्या काळी, माझ्या बापाच्या हाती टिकास होतं तेव्हा, अशा दिवसांत खाली एक मयताची पेटी ठेवली आणि ती तरंगली. चार जणांनी बांबूने दाबून धरली आणि वर माती लोटली. बापाने ते मला सांगितलं. तेव्हापासून पावसाळ्यात खालच्या बाजूला कबर नाही. मंडळीच्या पंचांनी ठराव केला तरी नाही.

गिऱ्हाईकंही नाना तऱ्हेची. एक रिटायर झालेला फॉरेस्टगार्ड होता, तब्येतीने ठणठणीत. मी दुसऱ्या कोणाची कबर खोदत होतो, तर हा सायकल भिंतीला लावून आला आणि म्हणाला, "दानूभाऊ, थोडं बाहेर निंग. मले पाहू दे." मी वर आलो. तो आत उतरून सरळ आडवा झाला, हात छातीवर ठेवले, डोळे मिटले. मी वाट पाहत उभा. थोड्या वेळाने डोळे उघडून म्हणाला, "पाठीले गार लागते गा. माह्या वक्ती खाली पेंडी टाकशील धानाची." मी म्हटलं, "टाकतो जी. कवा येता?" तो चिडून उठून गेला. पुढे त्याची वेळ आली तेव्हा मी पेंडी टाकली. मंडळीतले लोक विचारत होते हे काय. मी म्हटलं, गिऱ्हाईकाची फर्माईश आहे.

आणि अस्वल. कबरस्तानाच्या वरच्या बाजूला एक मोहाचं झाड आहे. चैतात मोह गळतो तेव्हा अस्वल खायला येते. एका मयतीला आम्ही पेटी घेऊन फाटकापाशी आलो तर अस्वल कबरीच्या काठावर बसून निवांत मोह खात होतं. लोक मागे पळाले. साहेब मात्र फाटकातच उभे राहिले आणि त्यांनी तिथूनच प्रवचन सुरू केलं. एरवी ते थोडक्यात बोलत. त्या दिवशी बोलतच गेले, एक डोळा पुस्तकावर आणि एक अस्वलावर. अस्वलाचं पोट भरलं, ते गेलं, आणि साहेब म्हणाले, आमेन. पुढे कोणी फार लांब बोलायला लागलं की आम्ही म्हणायचो, अस्वल बसलं वाटते.

हे साहेब नगरकडचे. आमच्याकडे आले तेव्हा दाढीमिशी काळी होती, "मले" "तुले" नाही, "मला" "तुला" बोलत आणि आमच्या बायका पदरात तोंड घालून हसत. वीसच्या वर वर्षं राहिले. इतक्या वर्षांत मंडळीत जन्मलेल्या प्रत्येक लेकराच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी त्यांनीच घातलं, पोरांची लग्नं त्यांनीच लावली आणि आमचे म्हातारे त्यांनी आणि मी मिळून पोचवले. ते वरून बोलत, मी खालून माती सारखी करत असे. माझा आणि त्यांचा धंदा एकच होता, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणायचो. ते म्हणत, "खरंय दानूभाऊ, पण तुझ्या कामात चूक दिसते, माझ्या कामात दिसत नाही."

पाळकीणबाई, म्हणजे त्यांची बायको, तापाने गेल्या. त्यांचं बालपण सिरोंच्याकडचं, त्यांना तेलुगू येत होतं. आमच्या गावात आरामशीनच्या, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीच्या मागे, लाकडाच्या भुशात झोपडी करून राजम्मा नावाची मंडळीतलीच एक म्हातारी राहत होती. तिकडचीच, पोरासोबत आलेली. पोरगा लाकडाखाली आला आणि ही एकटी राहिली. तिला मराठी येत नव्हतं. येत नव्हतं की बोलायचं नव्हतं देव जाणे. भांडण सोडलं तर साऱ्या गावात ती फक्त बाईंशी बोलायची. चर्चच्या पायरीवर दोघी बसायच्या आणि तेलुगूत हसायच्या. बाईंच्या शेवटच्या आजारात पाय चेपायला, अंग पुसायला तीच होती. बाई गेल्या आणि राजम्माचं बोलणंही गेलं.

बाईंची कबर मी मोहाच्या झाडाजवळ, वरच्या मुरमाड बाजूला खोदली. टिकास दोन वेळा धार लावून आणलं. आणि शेजारी एक जागा सोडली. कोणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी माती टाकली, उभे राहिले, त्या सोडलेल्या जागेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आमचं ठरलं.

पुढे माझी बायको मंजुळा गेली. तिलाही मी वरच नेलं, भिंतीच्या बाजूला, आणि तिच्या शेजारी माझ्यासाठी जागा सोडली. तेवढा माझा हक्क होता, असं मी मानतो. बाकी वरची बाजू भरून गेली. राहिल्या फक्त या दोन जागा, एक साहेबांची आणि एक माझी.

यावरून पंचांचं आणि माझं वाजलं. पंचांचे प्रमुख म्हणजे शाळेतून रिटायर झालेले मास्तर. माणूस चांगला, पण नियमाशिवाय त्यांना झोप येत नाही. बैठकीत मला उभं करून म्हणाले, "दानिएल, कबरस्तानात जागा राखून ठेवण्याची प्रथा नाही. जो आधी जातो त्याला जागा. असा नियम आहे."

मी म्हटलं, "नियम तुमचा, टिकास माह्यं."

"हे उद्धट बोलणं आहे."

"उद्धट नाई जी. तुमी खोदून पाहा म्हणतो."

साहेब खाली मान घालून बसले होते. त्यांचे खांदे हलताना मी पाहिले. नंतर त्यांनी मला बोलावून रागावल्यासारखं केलं आणि चहा पाजला.

मग साहेबांची निवृत्ती आली. पोरगा पुण्याला नोकरीत, त्याने सांगितलं, आता इकडे या. निरोपाचा दिवस धरला तो नेमका रोवणीचा. आमच्या पट्ट्यात रोवणीला कोणी कोणाचं नसते. बांधीत पाणी साचलं की त्याच दिवशी धानाची रोपं लावावी लागतात; पाणी ना रविवार पाहते ना निरोपसमारंभ. मी मास्तरांना सांगितलं, रोवणी आटपू द्या, मग करा. ते म्हणाले, तारीख वरून ठरली आहे, पत्रिका वाटल्या आहेत.

त्या रविवारी उपासनेनंतर चर्चसमोर मांडव घातला होता. हार होते, शाल होती, भिंतीवरचं घड्याळ होतं. माणसं नव्हती. पुढच्या बाकांवर पंच, दोन-तीन नोकरीवाले आणि त्यांच्या बायका. मागची सारी बाकं, जिथं आमची शेतावरची, मजुरीची माणसं बसतात, ती रिकामी. साहेब पांढरा झगा घालून, गळ्यात हार घालून बसले होते आणि त्या रिकाम्या बाकांकडे पाहत होते. मी त्यांना इतकी वर्षं पाहत आलो. त्यांना लागलं होतं. प्रत्येक वेळी फाटक वाजलं की मान वळत होती. फाटक वाऱ्याने वाजत होतं.

मास्तर भाषणाला उभे राहिले. साहेबांच्या जन्मापासून सुरुवात केली. मी मागे खांबाला टेकून म्हटलं, अस्वल बसलं. ऐकू जाईल इतकं म्हटलं. साहेब त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

साहेब अजून भाषणात शाळेतच होते, तेवढ्यात आरामशीनवरचा एक मजूर धावत आला. राजम्मा गेली. भाकर टाकायला बसली आणि चुलीपाशीच कलंडली.

साहेब उठले. "मास्तर, उरलेलं राखून ठेवा. दानूभाऊ, घंटा."

मास्तर म्हणाले, "साहेब, आजच्या दिवशी ती घंटा नको. अपशकून म्हणत नाही मी, पण बरं दिसत नाही. उद्या वाजवू."

मी म्हटलं, "मेली आज, घंटी उद्या? तिले काय पत्रिका धाडता?"

मयताची घंटा रविवारच्या घंटेसारखी नसते. एक ठोका द्यायचा आणि थांबायचं. तो आवाज हवेत पूर्ण विरून जाऊ द्यायचा, अगदी कानातून निघून जाईपर्यंत, आणि मगच दुसरा. हात उतावळा असला तर ती घंटा बिघडते. माझा हात उतावळा नाही. मी दोर धरला आणि एकेक ठोका सोडला. ढग खाली आले होते, आवाज पाण्यावरून पार लांबच्या बांध्यांपर्यंत गेला असेल.

आता पुढे जे झालं ते माझ्या ध्यानात आधी यायला पाहिजे होतं, पण मला सुचलं नाही, आणि बरं झालं सुचलं नाही. शेतात वाकून रोपं लावणाऱ्या माणसांना राजम्माचं काय माहीत? त्यांना एकच माहीत होतं की आज साहेबांचा दिवस आहे. आणि त्याच दिवशी मयताची घंटा वाजते आहे.

पहिली आली ती भागाबाई. रोवणीच्या बायकांची टोळी तिच्या हाताखाली असते. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, मांड्यांपर्यंत चिखल, हातात रोपांची पेंडी तशीच. तिच्यामागे बाकीच्या बायका, त्यांच्यामागे नांगर सोडून आलेले गडी, चिखल तुडवत, छाती पिटत. "साहेब गेले वो! माय वो, साहेब गेले!" धुऱ्या-धुऱ्यावरून माणसं येत होती. मांडवाचा एक खांब त्यांनी पाडला. आणि मांडवात पाहतात तर साहेब हार घालून उभे.

सगळे थबकले. भागाबाईने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"साहेब, तुमी जित्ते हाव?"

"आहे, भागाबाई."

"मंग घंटी कोणाची वाजून राह्यली?"

"राजम्मा गेली."

"बरं झालं जी!" ती बोलून गेली आणि मग चिखलाचा हात तोंडावर मारला. तोंड काळं झालं. "माय वो, काय बोलली मी! बिचारी राजम्मा."

साहेब हसायला लागले. हसता हसता खाली बसले, डोळ्यांना झग्याची बाही लावली. ती बाही बराच वेळ तिथंच होती.

मास्तर म्हणाले, "सकाळी बोलावलं तर एक जण आला नाही. आता चिखलाचे पाय घेऊन मांडवात!"

भागाबाई त्यांच्यावर उलटली. "मास्तर, सकाळी बांधीत पाणी होतं. आता बी हाय, वाहून जाऊन राह्यलं. जाऊ दे. साहेब मेले म्हटल्यावर बांधी कोण पाह्यते?"

साहेब हळूच म्हणाले, "म्हणजे मी मेल्यावरच येणार होता तुम्ही."

मग भागाबाईच म्हणाली, "तुमी जित्ते हाव तवर कुठी जाता असं वाटलंच नाई जी. पत्रिका भेटली, पाह्यली, फळीवर ठेवली. आमाले काय, तुमी इथलेच."

साहेबांनी गळ्यातला हार काढून बाकावर ठेवला.

पेटीचा प्रश्न आला. आमच्या पेट्या रहीमभाई सुतार करतात. ते साहेबांच्या पुस्तकांसाठी मोठी लाकडी पेटी करत होते, फळ्या कापून तयार होत्या. रहीमभाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "पुस्तकं पोत्यात जातील." झालं. पुढे साहेबांची सारी पुस्तकं धानाच्या पोत्यांत शिवून पुण्याला गेली आणि राजम्मा साहेबांच्या पेटीत गेली.

साहेब राजम्माच्या झोपडीकडे निघाले. जाता जाता मला बाजूला घेतलं.

"दानूभाऊ, खाली पाणी असेल."

"खाली तं डोहच हाय जी."

"मग बाईंच्या शेजारी खोद."

मी म्हटलं, "नाई."

"काऊन?" आमच्यात राहून राहून तेही "का"चं काऊन म्हणायला लागले होते.

"ते जागा तुमची हाय."

"मी उद्या सकाळच्या बसने चाललो. पुण्याहून मला इथं कोण आणणार? दोन दिवसांची वाट. आणि बाईंना बोलायला कोणी तरी होईल. किती वर्षं तेलुगू बोलल्या नाहीत."

मी टिकास आणायला वळलो. ते समजले की मी ऐकलं. मी ऐकलं होतंच. फक्त मानलं नव्हतं.

कबरस्तानात गेलो. चार गडी सोबत होते, हातात फावडे. मी बाईंच्या शेजारच्या जागेवर उभा राहिलो. गवत मी दर शनिवारी काढत असे, म्हणून ती बिछान्यासारखी सारखी दिसत होती. साहेबांचं म्हणणं बरोबर होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पुण्याहून कोणी आणणार नव्हतं. पण एकदा त्या जागेत दुसरं माणूस गेलं की साहेब आमच्या गावातून खरंच गेले, हे मला टिकास उचलल्यावर कळलं. बस सुटल्याने माणूस जात नाही. त्याची जागा भरली की जातो.

मी तिथून निघालो, भिंतीकडे गेलो आणि मंजुळाच्या शेजारी, माझ्या जागेवर, पहिला घाव घातला. एक गडी म्हणाला, "भाऊ, हे तं तुमची..." मी म्हटलं, "तू फावडा चालव."

मुरूम टणक होता. छातीइतकं खोल जाईपर्यंत माझ्या डोक्यात मंजुळाच होती. तिचं आणि राजम्माचं कधी पटलं नाही. एकाच नळावर पाणी भरायच्या. मंजुळा झाडीबोलीत शिव्या द्यायची, राजम्मा तेलुगूत. दोघींना एकमेकींचं काही कळत नव्हतं, पण एकही शब्द वाया जात नव्हता. म्हटलं, मंजुळा, सांभाळून घे. आता नळ नाही.

मयत आली तेव्हा पाऊस थांबला होता. राजम्माचं या गावात कोणी नव्हतं, तरी इतकी माणसं माझ्या आठवणीत कोणाच्या मातीला आली नव्हती. शेतावरची सारी मंडळी तशीच चिखलाने माखलेली, पंच इस्तरीच्या कपड्यांत, रहीमभाई, आरामशीनचे मजूर, आणि सर्वांच्या पुढे साहेब. ते बाईंच्या कबरीकडे वळले, तिथं खड्डा दिसला नाही. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मी तिथं टिकासावर हात ठेवून उभा होतो. ती कोणाची जागा हे त्यांना माहीत होतं. पुस्तक उघडलं, पान सापडेना. मास्तरांनी पुढे होऊन पान काढून दिलं.

विधी झाला. आमच्यात शेवटी प्रत्येक जण मूठभर माती टाकतो आणि पाळकाशी हात मिळवून मागे होतो. त्या दिवशी मुरूम ओला होता आणि हात आधीच चिखलाचे. भागाबाईने माती टाकली, साहेबांचा हात धरला आणि सोडेना. तिच्यामागून दुसरी आली, तिला हात मिळेना तर तिने झग्याची बाही धरली. मग कोणी खांद्याला, कोणी पाठीला, म्हाताऱ्यांनी पायाला. साखळीने सगळे येत गेले. राजम्माला माती देत होते आणि साहेबांना निरोप. भाषण कोणीच केलं नाही. शेवटी तो पांढरा झगा कुठेच पांढरा राहिला नाही, साऱ्या मंडळीचे हात त्याच्यावर उठले होते.

सगळे गेल्यावर मी दगड रचत होतो. साहेब थांबले होते.

"दानूभाऊ, माझं ऐकलं नाहीस."

"नाई ऐकलं जी."

"स्वतःची जागा दिलीस. मंजुळाबाई काय म्हणेल?"

"तिले सवय हाय. मी घरी कवा वेळेवर जात होतो?"

ते हसले नाहीत. मोहाच्या झाडाखाली जाऊन बाईंच्या शेजारच्या त्या मोकळ्या जागेपाशी उभे राहिले. म्हणाले, "मग आता ही जागा आपल्या दोघांची. जो आधी जाईल त्याची. हा मास्तरांचाच नियम आहे."

मी म्हटलं, "मी त्यात झोपत नाई. बाईंच्या शेजारी मी? काही बोलता."

"मग तुला माझ्याहून जास्त जगावं लागेल."

"जगतो."

"हट्टी आहेस."

"तुमीच सांगतलं न, माह्या कामात चूक दिसते म्हणून. मी चूक करत नाई."

सकाळी बसपाशी फार माणसं नव्हती. रोवणी राहिली होती, सारे बांध्यांत होते. पण बस नदीच्या रस्त्याला लागली तेव्हा मी घंटा वाजवली. मयताची नाही. रविवारची, मोकळी, हात भरून. दोन्ही बाजूंच्या बांध्यांत वाकलेली माणसं एकदम उभी राहिली आणि त्यांनी रोपं हातात धरून वर केली. बसच्या ड्रायव्हरने हे नंतर सांगितलं. मला घंटेच्या जागेवरून फक्त धूळ दिसली, म्हणजे पावसाळ्यात धूळ नसते, धूर दिसला बसचा.

आता नवे साहेब आहेत. तरुण आहेत, मोटारसायकलवर फिरतात, मंडळीला आवडतात. मलाही आवडतात, पण त्यांना सांगत नाही. मध्ये ते म्हणाले, "दानूभाऊ, वरची ती एक जागा रिकामी आहे ना?" मी म्हटलं, "रिकामी नाई. माणूस यायचा हाय." मास्तर शेजारी होते. मला वाटलं नियम काढतील. ते म्हणाले, "हो, ती दिलेली आहे."

जुने साहेब पुण्याला आहेत. तिकडून आलेल्या माणसाने सांगितलं, डोळ्यांना कमी दिसते, पण पोत्यातली पुस्तकं अजून पोत्यातच आहेत, सोडू देत नाहीत. पोत्याला धानाचा वास येतो म्हणतात.

माझीही छाती आता भरते. टिकास दोन घाव मारले की खाली ठेवावं लागते. दवाखान्यातली नर्सबाई म्हणाली, आजोबा, काम सोडा. मी म्हटलं, एक कबर बाकी आहे. तिला वाटलं मी माझी म्हणतो.

दर शनिवारी मी मोहाच्या झाडाखाली जातो. गवत काढतो, दगड वेचतो, काठाची माती सारखी करतो. जाताना मंजुळाकडे आणि राजम्माकडे एक चक्कर. मग परत येऊन साहेबांच्या जागेपाशी बसतो. त्यांना एकदा पाहावं असं फार वाटते. पण ते आता ज्या रीतीने येऊ शकतात ती मला माहीत आहे, माझा धंदाच तो आहे. म्हणून जागा साफ झाली की हात झटकतो आणि तिथंच मोठ्याने सांगतो, "साहेब, जागा तयार हाय. आज नका येऊ."